न विचारता बंद केलेली गोळी

पस्तीस वर्षं मी वायरमन होतो. खालापूर तालुक्यातल्या निम्म्या खांबांवर तरी मी चढलो असेन. आता बहात्तरावं चालू आहे आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

हे एवढं लिहायला मला अडीच महिने लागले. या आजारात अक्षर बारीक होत जातं. चार ओळींनंतर ते मुंगीएवढं होतं आणि मलाच वाचता येत नाही, मग वही मिटून ठेवतो. तरी लिहिलं, कारण गेल्या वर्षी मी एक मूर्खपणा केला आणि माझ्या बायकोनं मला त्यातून बाहेर काढलं. तो मूर्खपणा दुसऱ्या कुणी करू नये हे एक कारण. दुसरं म्हणजे मंदानं काय केलं ते कुठंतरी लिहिलेलं असावं. ती स्वतः लिहिणार नाही. तिची शाळा चौथीतच सुटली.

पनवेलचा दिवस

निवृत्तीनंतर सात वर्षांनी माझा उजवा हात बसल्या जागी कापायला लागला. अंगठा आणि बोट अशी हलायची, जशी तंबाखू चोळतोय. लोक हसत. मीही हसायचो. मग शर्टाची बटणं लागेनात तेव्हा मुलगा नितीन पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या एक बाई. त्यांनी मला बाहेरच्या बोळात चालायला लावलं, बोटं टिचकावायला लावली, नाव लिहायला लावलं आणि शेवटी म्हणाल्या, "काका, हा कंपवात आहे."

"बरा होतो ना?"

"बरा नाही होत. पण सांभाळता येतो, आणि बरीच वर्षं चांगला सांभाळता येतो."

मंदानं विचारलं, "खायला काय द्यायचं, काय नाय, ते सांगा."

येताना चौक फाट्याला तिनं गाडी थांबवायला लावली. म्हणाली, रस पिऊ. माझ्या हातातला ग्लास हिंदकळत होता आणि रसवंतीवर आठ-दहा माणसं होती. तिनं माझ्यापुढं उभं राहून त्यांच्याकडं पाठ केली. मी आडोशाला निवांत रस प्यायलो.

दोन तऱ्हेच्या गोळ्या सुरू झाल्या. एक मोठी, हातपाय मोकळे राहण्यासाठी. दुसरी छोटी पांढरी, हात कापू नये म्हणून. त्या पांढऱ्या गोळीनं खरंच जादू केली. मी परत सही करू लागलो, शेजारच्यांच्या पंख्याचा कपॅसिटर बदलून देऊ लागलो. पाच वर्षं बरी गेली. फक्त तोंडाला सतत कोरड पडायची. पाण्याची बाटली जवळ नसली की जीभ टाळूला चिकटायची. पोटही साफ होत नसे. वय झालं, चालायचंच, असं म्हणून मी ते डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही.

अंगणातली माणसं

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझं डोकं घसरायला लागलं. हातात टेस्टर घेऊन मी उभा, आणि तो कशाला घेतला ते आठवेना. सख्ख्या मेहुण्याचं नाव तोंडात येईना.

मग एकदा दुपारी अंगणात पेंढ्याच्या उडवीजवळ दोन माणसं बसलेली दिसली. पाठमोरी, गप्प. मी मंदाला हाक मारली, "त्यांना चहा तरी विचार गं."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. उडवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "गेली वाटतं, अवो," एवढंच म्हणाली आणि माझ्याजवळ पायरीवर बसून राहिली. तिथं कुणी नव्हतं, हे तिनं मला सांगितलं नाही. ते मला तिच्या बसण्यातूनच कळलं.

घरात सत्यनारायण होता तेव्हा मी नातीला माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. एकदा नाही, तीनदा. नंतर स्वयंपाकघरात नितीन त्याच्या बायकोला म्हणाला, "बाबांचं डोकं चाललं बहुतेक." भिंत पातळ होती, मला ऐकू आलं.

हात कापतो त्याची लाज वाटते, पण भीती वाटत नाही. डोकं जाण्याची मात्र मला फार भीती वाटली.

जनार्दनचा सल्ला

नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला मी खालापूरला गेलो होतो. रांगेत जनार्दन भेटला. पूर्वी औषधांच्या दुकानात कामाला होता. माझ्या खिशातली गोळ्यांची पट्टी त्यानं उलटीपालटी केली आणि पांढऱ्या गोळीवर बोट ठेवलं.

"ही घेतोस? अरे, ही म्हाताऱ्यांचं डोकं खाते. माझ्या भावाची डॉक्टरांनी बंद केली, माणूस सुधारला बघ."

तो खोटं बोलत नव्हता. पण भावाची गोळी कशी बंद केली, किती दिवसांत केली, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला एवढंच ऐकायचं होतं की माझं डोकं गेलेलं नाही, ते कुणीतरी खातंय.

घरी येऊन मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "आसंल तसं. बाईंना इचारू. तारीख तीन आठवड्यांवर हाय, नायतर नितीनला सांगून उद्या फोन करू."

"फोनवर काय सांगणार त्या? मी आजपासून बंद करतो."

"इचारल्याबिगर नाय."

"माझं डोकं आहे, माझी गोळी आहे."

"आन् माझा माणूस हाय," ती म्हणाली आणि उठून गेली.

त्याच संध्याकाळपासून मी फसवायला लागलो. गोळ्या तीच देत असे, तळहातावर ठेवून, तीन वेळा, सोबत पाण्याचा तांब्या. मोठी गोळी मी गिळायचो. पांढरी जिभेखाली दाबून धरायची, चूळ भरायच्या निमित्तानं मागच्या दारी जायचं आणि जास्वंदीच्या बुडाशी थुंकायची. उद्या फोन करू म्हणाली तेव्हा मीच म्हटलं, "राहू दे, तारखेला विचारू." मी समजुतीनं घेतोय असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं माझ्या आवडीची वालाची उसळ केली.

चार दिवस

पहिला दिवस छान गेला. मी मनात जनार्दनला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी अंगातून घामाच्या धारा लागल्या, भर थंडीत. एका जागी बसवेना. झोप तर पार गेली. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब. तोंडातून लाळ गळायला लागली, उशी ओली व्हायची. हात कापायचा तो कापायचाच, आता हनुवटीही कापायला लागली. आणि अंग असं ताठरलं की कूस बदलायलाही मंदा लागायची. तिला वाटलं, पोट बिघडलंय. वालांना दोष दिला, स्वतःला दोष दिला. मी ऐकत पडलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणातून मोरीकडं निघालो. पावलं जमिनीला खिळली. वरचं अंग पुढं गेलं, पाय मागंच राहिले. कपडे धुवायच्या दगडावर कपाळ आपटलं. रक्त बघून मंदा ओरडली ते एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. शेजाऱ्याच्या टेंपोत मागं गादी टाकून मला कर्जतच्या दवाखान्यात नेलं. नितीन नेरळहून परस्पर तिथं आला.

कर्जतचा वॉर्ड

कपाळाला पाच टाके पडले. थोडा तापही होता. झटका आला असेल म्हणून डोक्याचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. जंतुसंसर्ग असेल म्हणून रक्त तपासलं. उलट्यांमुळे तोंडावाटे काही देत नव्हते, हाताला सलाईन होतं. एक डॉक्टर नितीनला म्हणाले, "आजार पुढं गेलाय. असं होतं." नितीननं मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "औषधं वेळेवर घेत होते ना?"

"आई स्वतः हातानं देते," नितीन म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

मी शुद्धीवर होतो. जीभ जड होती, पण 'नाही' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. हे लिहिताना अजून हात थांबतो.

वॉर्डातले दिवस सगळीकडे सारखेच असणार. सकाळी फिनेलचा वास, मग चादरी, मग राऊंड, मग दुपारची सुन्न शांतता. आत्मसन्मान असा काही राहत नाही. पण तिथले एक मामा रोज माझी दाढी करून देत. न सांगता, न कापता. हनुवटी हलायची तर डाव्या हातानं हळूच धरून ठेवत. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदा माझ्या तोंडाची लाळ पुसत होती. पुसता पुसता थांबली. टॉवेलकडं बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "हा तिसरा टावेल."

तिनं तो माझ्यापुढं धरला.

"पाच वरसं तुमी घोट-घोट पानी मागताव. गोळी घेतली की तोंड सुकतं, हे तुमचंच बोलनं. मग आता ही लाळ कुठनं आली? हितं गोळ्या बंद हायत, ते ठीक. पन घरी? घरी मी तीन टायमाला देत हुते, तवाच उशी वली झाली हुती."

मी डोळे मिटले.

"डोळं मिटू नका. पांढरी गोळी पोटात जात हुती का नाय?"

"नाही," मी म्हणालो.

"कवापासनं?"

"दाखल्याच्या दिवसापासून."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली नाही. टॉवेलची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. "मी माझ्या हातानं देत हुते वो," एवढंच म्हणाली. मग उठताना म्हणाली, "लाइन बंद करायची तर आदी सबस्टेशनला फोन करत हुताव ना? फोन न करता लाइन तोडनाऱ्याला तुमीच शिव्या घालायचा."

डॉक्टर पलीकडच्या खाटेजवळ होते. तरुण होते, घाईत होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या साहेबाशीही कधी मान वर करून न बोललेली ही बाई.

"मावशी, लाळ या आजारात गळतेच," ते म्हणाले.

"गळत आसंल. पन ह्यांची पाच वरसं गळली नाय आन् दोन दिसांत गळली. ह्यांनी एक गोळी न इचारता सोडलीय. एकदम. मी आत्ता कबूल करून घेतलं. तुमी आमच्या पनवेलच्या बाईंना फोन लावा."

त्या डॉक्टरांचा मोठेपणा मला सांगायलाच हवा. ते थांबले. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मावशी, पहिल्यापासून सांगा." तिनं सांगितलं, घाम कधी, उलटी कधी, हनुवटी कधी, एकही दिवस न चुकता. त्यांनी तिथूनच पनवेलला फोन लावला. त्याच दिवशी नाकातून घातलेल्या नळीवाटे माझी मोठी गोळी आणि त्या पांढऱ्या गोळीचा थोडासा भाग परत सुरू झाला. तिसऱ्या दिवशी घाम थांबला. चौथ्या दिवशी मी पेज प्यायलो. सातव्या दिवशी घरी.

"संशय खरा होता"

पनवेलच्या बाई रागावल्या नाहीत. मी रागाची तयारी करून गेलो होतो.

"काका, तुमचा संशय खरा होता," त्या म्हणाल्या. "वय वाढलं तशी ही गोळी तुमच्या डोक्याला जड झाली. तोंडाची कोरड, पोट, विसरणं, ती अंगणातली माणसं, हे सगळं तिचंच असू शकतं. मी खोदून विचारायला हवं होतं आणि ती आधीच कमी करायला हवी होती. ती माझी चूक. पण शरीराला पाच वर्षांची सवय झालेली असते. एकदम काढली की जे जे तिनं दाबून धरलं होतं ते सगळं दुप्पट जोरानं उसळतं. तुमच्या वयात ते जिवावरही बेतू शकतं."

मग त्यांनी सांगितलं की या जातीच्या गोळ्या फक्त कंपवातातच असतात असं नाही. लघवीच्या, झोपेच्या, चक्करच्या, खाजेच्या काही गोळ्याही याच घराण्यातल्या. म्हाताऱ्या माणसाला त्यांचा त्रास होऊ शकतो आणि कमी करणं पुष्कळदा चांगलंच. पण कुठली, किती आणि कशी, हे माणसागणिक वेगळं. ते ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. जनार्दनला नाही आणि मलाही नाही.

मंदानं तीन प्रश्न विचारले. कमी करताना घाई झाली हे मला कशावरून कळेल? कळलं तर फोन कुणाला करायचा? आणि गोळी घेतल्यावर उलटी झाली तर परत द्यायची का? बाई लिहिता लिहिता थांबल्या. "काकू, असे प्रश्न माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा सुचत नाहीत," म्हणाल्या.

हळूहळू

गोळी सुटायला साडेतीन महिने लागले. दर पायरीला थोडी कमी. प्रत्येक पायरीनंतर दोन-तीन दिवस वाईट जायचे. थोडा घाम, थोडी तगमग. मग अंग त्याला सरावायचं. तिसरी पायरी जमलीच नाही. मंदानं दुसऱ्याच दिवशी माझी हनुवटी बघितली आणि फोन केला. बाई म्हणाल्या, मागे या, पंधरा दिवस थांबा. आम्ही थांबलो.

मंदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायची. घामाला टिंब, वाईट झोपेला आडवी रेघ, लाळेला गोल. चालणं बरं असेल त्या दिवशी बरोबरची खूण. बाईंनी ते कॅलेंडर टेबलावर पसरून वाचलं आणि त्यावरून पुढची पायरी ठरवली.

हे सगळं गोड नव्हतं. ती खंगली. नितीन म्हणाला, दोघं नेरळला या. ती म्हणाली, तिसऱ्या माळ्यावर ह्यांना चालायला जागा कुठं? दोघांची वादावादी झाली आणि नितीन आठवडाभर आला नाही.

एकदा ती तांदूळ निवडत असताना मी बाजूला बसलो होतो. सूप खाली ठेवून तिनं एकदम विचारलं, "माज्यापासनं लपवावं वाटलंच कसं तुमाला?"

मी म्हटलं, "तू नाही म्हणाली होतीस."

"म्हनले. परत म्हनले आसते. मग भांडलो आसतो. भांडायचं हुतं की! थुंकायचं कशाला?"

मी सूप माझ्याकडं ओढलं आणि खडे वेचू लागलो. कापऱ्या हातानं खड्यापेक्षा तांदूळच जास्त उडाले. ती पदरात तोंड लपवून हसली, मग रडली. मीही रडलो. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही तोवर रडलोच नव्हतो.

उडवीजवळची माणसं हळूहळू येईनाशी झाली. मेहुण्याचं नाव परत आलं. सगळंच आलं नाही, काही नावं अजून वेळ घेतात. पोट सुधारलं. बदल्यात हाताचा कंप वाढला. बाईंनी मोठ्या गोळीच्या वेळा बदलून तो थोडा आवरला आहे, पण शर्टाची बटणं मंदा लावते. हा सौदा मला मान्य आहे. हात कापतो, पण नातीला तिच्या नावानं हाक मारतो.

हिरीबाई

ही गोष्ट गावात पसरली. मंदानं सांगितली नाही, टेंपोवाल्यानं सांगितली. यंदाच्या एप्रिलात एका सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची हिरीबाई दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सासऱ्याच्या गोळ्या. म्हातारा बरळायला लागलाय, घरची माणसं ओळखत नाही.

"काकी, यातली कुठली डोकं खाते ती दाखव. आजच टाकून देते."

मंदानं पिशवीत हातही घातला नाही. "मला नाय कळत गं यातलं. पन टाकू नको, एकबी टाकू नको. थांब, लुगडं बदलते."

माझी दुपारची भाकरी झाकून ठेवून ती हिरीबाईबरोबर सहा आसनी रिक्षात बसून कर्जतला गेली. त्याच तरुण डॉक्टरांकडे. आजारानंतर मी पहिल्यांदाच दिवसभर एकटा होतो. गोळी वेळेवर घेतली. भाकरी खाल्ली. ओट्यावर बसून रस्ता बघितला.

दिवस कलता कलता दोघी आल्या. पिशवीतल्या दोन गोळ्या त्या घराण्यातल्या निघाल्या होत्या, एक लघवीची आणि एक खाजेची. त्या कशा कमी करायच्या ते डॉक्टरांनी चित्रं काढून दिलं होतं, सूर्य आणि चांदोबा काढून. तिसरी रक्तदाबाची होती, तिला हात लावायचा नव्हता. हिरीबाई टाकणार होती त्यात तीही होती. कागद पोलक्यात खोचून ती वाडीकडं चालू लागली. अंधाराच्या आत पोचायचं होतं तिला.

मंदा ओट्यावर टेकली. पाय सुजले होते, तोंड उन्हानं काळवंडलं होतं. "फार वेळ बसवलं," म्हणाली. "पन त्यानं सगळं ऐकून घेतलं हो."

मी आत गेलो. चहा केला, वेळ लागला. कपबशी दोन्ही हातांत धरून उंबरा ओलांडला आणि तिच्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा चहा बशीत सांडला होता.

तिनं कप बाजूला ठेवला आणि ती आधी बशीतला चहा प्यायली.